बडोद्याची मोजपट्टी

(अंगणवाडी कार्यकर्त्या, प्राथमिक शिक्षक, विस्तार अधिकारी व ग्रामस्थ यांच्या प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे बोलणे संपल्यावर आपणांपैकी प्रत्येकाच्या हाती एक लहानसा तक्ता दिला जाईल. त्यावर १७ आडव्या पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टी म्हणजे तान्ह्या मुलाला येणारी एक गोष्ट आहे. ओळखीने हसणे, मान सावरणे, एका हातातील वस्तू दुसऱ्या हातात घेणे, आधाराशिवाय चालणे, दोन शब्द बोलणे, अशा त्या गोष्टी. हा तक्ता केरळातील त्रिवेंद्रमचा आहे. तेथील डॉ. एम. के. सी. नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला व १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु या १७ गोष्टी ज्या मोठ्या मोजपट्टीतून निवडल्या, ती केरळातील नव्हे. ती बडोद्याची. म्हणजे आपल्या तालुक्यातील एखाद्या वाडीवरचे मूल वेळेवर बसू लागले की नाही, हे ठरविताना आपण नकळत बडोदे शहरातील काही मुलांच्या शेजारी त्याला बसवीत असतो. ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या घरी जाऊन, जमिनीवर मांडी घालून, हातात घंटा व लाल कडे घेऊन बसलेल्या संशोधकांविषयी आणि त्यांच्या मागून त्या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी आज मला बोलावयाचे आहे.

बडोदे शहर आपणांस परके नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला, हे शिक्षकवर्ग जाणतोच. राजघराणे मराठी, रयत बहुतांश गुजराती, पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात राठवा व भिल्ल समाज, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे, पुढे कारखान्यांच्या ओढीने देशभरातून आलेली माणसे, असे हे शहर घडत गेले. २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, त्याचेही कोणाला नवल वाटले नाही. तेथील एका गल्लीत चार भाषांतील अंगाई ऐकू येऊ शकते. मनाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगली आणि याहून अवघड शाळा क्वचितच मिळेल.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ होऊ शकेल असे शब्द होते, ते बदलून 'सर्व मानव' असे करण्याचा आग्रह धरणाऱ्या त्याच या बाई. एक शब्द बदलला तर कोण आत येते आणि कोण बाहेर राहते, हे त्यांना ठाऊक होते. हा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण पुढे शब्दांविषयीच बरेच बोलावयाचे आहे. या विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत बालविकासाचा विभाग उभा राहिला आणि त्याच्या जोडीला चेतन बालवाडी नावाची प्रयोगशाळा-शाळा चालली. प्रयोगशाळा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या येतात. येथे तसे काही नव्हते. लहान मुले, खेळणी, पाण्याची घमेली आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या विद्यार्थिनी, एवढीच ती प्रयोगशाळा.

याच विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी काम केले. अमेरिकेत नॅन्सी बेली या विदुषींनी तान्ह्या मुलांच्या वाढीची मोजपट्टी तयार केली होती. त्यात मुलासमोर एखादी वस्तू धरावयाची किंवा एखादी कृती करावयाची आणि मूल काय करते ते टिपावयाचे, अशी रीत. फाटक यांनी ही मोजपट्टी बडोद्यातील १ ते ३० महिन्यांच्या मुलांवर वापरून येथील मानके बसविली. ती १९७० च्या सुमारास पुढे आली व 'बडोद्याची मानके' याच नावाने देशभर ओळखली गेली. पुढे त्यांतूनच भारतीय अर्भकांसाठी सविस्तर मोजपट्टी झाली. तीत हालचालींच्या ६७ व बुद्धीच्या १६३ बाबी आहेत, आणि आजही मोठ्या रुग्णालयांतील बालविकास केंद्रांत ती वापरली जाते. एवढी लांब तपासणी प्रत्येक मुलाची करणे शक्य नाही, म्हणून फाटक यांनीच सहकाऱ्यासह १९९१ मध्ये ५४ बाबींची एक छोटी चाचणीही दिली.

मानक म्हणजे काय, हे थोडे सोपे करून सांगतो. 'मूल वर्षाचे झाले की चालते' असे आपण म्हणतो. पण शंभर मुले घेतली तर ती सर्व एकाच दिवशी चालत नाहीत. काही नवव्या महिन्यात पाऊल टाकतात, काही पंधराव्यात. निम्मी मुले ज्या वयाला एखादी गोष्ट करू लागतात ते एक वय आणि शंभरातील सत्त्याण्णव मुले ती करू लागतात ते दुसरे वय. पहिले वय आईला उगीच घाबरवते. आपल्या कामाचे वय दुसरे. त्या वयापर्यंतही ती गोष्ट आली नाही, तर मूल मागे पडत असावे अशी शंका घ्यावयाची. ही दोन वये अमेरिकेतील मुलांवरून ठरविली आणि आपल्या मुलांना लावली, तर काय होते? एमी वर्नर यांनी १९७२ मध्ये जगभरच्या अर्भकांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात आफ्रिका व आशियातील परंपरागत कुटुंबांतील मुले पहिल्या वर्षात हालचालींमध्ये युरोप-अमेरिकेतील मुलांच्या पुढे असल्याचे दिसले. आपल्याकडील रोजचे तेल-मालिश, कडेवर वागविणे, घरातील दहा हातांत फिरणे, यांचा त्यात वाटा असावा असे मानले जाते. आता विचार करा. ज्या मुलांची मान लवकर सावरते त्यांना उशिराची पट्टी लावली, तर खरोखर मागे पडलेले मूलही त्या पट्टीवर बरोबर दिसेल आणि आपण त्याला घरी पाठवू. उलट बोलण्याच्या किंवा कोड्यांच्या बाबतीत परक्या वस्तू पुढे ठेवल्या, तर शहाणे मूल मंद ठरेल. परकी पट्टी दोन्ही बाजूंनी चुकते.

मोजण्यापूर्वी पहिला प्रश्न असतो तो वयाचा, आणि तोच सर्वांत फसवा आहे. जन्मदाखला असेल तर उत्तम. नसेल तर आई सणावरून सांगते. समजा, बडोद्यातील एक आई म्हणाली, 'पाडव्याला जन्मला.' मराठी विद्यार्थिनी गुढीपाडवा लिहून मोकळी होईल. गुजराती विद्यार्थिनी कार्तिकातील पाडवा लिहील, कारण तिचे नवे वर्ष दिवाळीनंतर सुरू होते. आपल्याकडेही दिवाळीचा पाडवा आहेच. दोन पाडव्यांमध्ये पाच महिन्यांचे अंतर आहे. पन्नास वर्षांच्या माणसाला पाच महिने म्हणजे काहीच नव्हे. दहा महिन्यांच्या मुलाचे ते निम्मे आयुष्य आहे. म्हणून चांगला शोधविद्यार्थी तेथेच थांबून विचारतो, 'आई, कोणता पाडवा? तेव्हा थंडी होती की ऊन?' मूल महिनाभर आधी जन्मले असेल, तर तेवढे दिवस वजा करावयाचे, हेही लक्षात ठेवावे. ही साधी चौकशी न करता काढलेला आकडा कितीही सुबक दिसला तरी निरुपयोगी आहे.

मग भाषा. मराठी आणि गुजराती बहिणी असल्या तरी बहिणीच अनेकदा घोटाळा करतात. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, मोकळा. एखाद्या गुजराती विद्यार्थ्याने मराठी बाईला सहज 'नवरा छो?' असे विचारले, तर पुढची मुलाखत तेथेच संपावयाची. गुजरातीत 'शीखवुं' म्हणजे शिकणे, आपल्याकडे 'शिकवणे' म्हणजे दुसऱ्याला शिकविणे. हिंदी प्रश्नावलीत 'आपकी शिक्षा' असे असते. तोच शब्द आपल्या खेड्यातील माणसाला ऐकविला तर तो 'मी काय गुन्हा केला?' म्हणून पाहत राहील. या शब्दांवर हसू येते, पण हसून सुटत नाही. कारण याच भाषांतून पुढे मनाच्या दुखण्याचे प्रश्न विचारावयाचे असतात. आपल्याकडे बाई 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. ती म्हणते, जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, डोके जड वाटते, अन्न गोड लागत नाही. गुजराती बाई गभरामण म्हणते, मूंझवण म्हणते. हा 'जीव' शब्द इंग्रजी प्रश्नावलीत कोठेच सापडत नाही, आणि इंग्रजीतील खिन्नतेचा प्रश्न शब्दशः मराठीत आणला तर बाई 'तसे काही नाही' असे उत्तर देऊन चुलीकडे वळते. कागदावर ती निरोगी ठरते. तान्ह्या मुलाची आई असेल तर त्या एका 'नाही'ची किंमत मूलही मोजते. बाळंतपणानंतर खचलेली आई मुलाशी बोलत नाही, आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही ते मूल उशिरा बोलते.

यावर संशोधकांनी एक युक्ती काढली आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० मधील लेखामुळे ती सर्वत्र पोचली. एकाने इंग्रजीतून मराठीत भाषांतर करावयाचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावयाचे आणि दोन्ही ताडून पाहावयाची. युक्ती चांगली आहे, पण माझ्या मते तिच्यावर जरा जास्तच विसंबले जाते. दोन्ही भाषांतरकार पदवीधर असले, तर दोघांना एकमेकांची पुस्तकी मराठी छान समजते. वाक्य जसेच्या तसे परत येते आणि ज्या बाईला विचारावयाचे तिला मात्र ते कळतच नाही. त्यापेक्षा प्रश्न वाचून झाल्यावर तिलाच म्हणावे, 'बाई, मी काय विचारले ते तुमच्या शब्दांत सांगा.' वेळ लागतो, पण खरे काय ते उमगते.

वस्तूंचेही असेच आहे. आपल्या तक्त्यातील एक बाब 'पॅट-अ-केक' या नावाची आहे. तो इंग्रज आयांचा टाळ्यांचा खेळ. आपल्याकडे टाळ्या वाजविणे आहे, जयजय करणे आहे, तेव्हा येथे फारसे अडत नाही. दुसरी बाब आहे आधाराने जिना चढण्याची. छोटाउदेपूरकडील एखाद्या राठवा पाड्यावर, किंवा आपल्याच डोंगराळ भागात, मुलाने जिना पाहिलेलाच नसतो. ते मूल उतारावरून, बांधावरून सहज चढते-उतरते. त्याला 'येत नाही' असे लिहिणे योग्य होईल का? तिसरी बाब, बाहुलीचे तीन अवयव दाखविणे. ज्या घरात बाहुली नाही तेथे मूल प्रथम बाहुलीच न्याहाळत बसते, आणि तेच स्वाभाविक आहे. मग बाहुली काढून 'तुझे नाक दाखव' असे म्हणावे काय? म्हणता येईल. पण मानक बसले आहे बाहुलीवर, नाकावर नव्हे. वस्तू बदलली की जुनी वये तशीच लागू पडतील याची हमी राहत नाही. वस्तू न बदलावी तर मुलावर अन्याय, बदलावी तर मोजमाप ढिले. निरनिराळ्या समाजांत काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा पेच पडतो आणि त्याचे एकच एक उत्तर पुस्तकात नाही. प्रामाणिक मार्ग एवढाच की ठरल्याप्रमाणे तपासावे, ठरल्याप्रमाणेच नोंदवावे आणि शेजारी लिहावे : 'घरी जिना नाही. बांध चढताना पाहिले.' ही शेजारची ओळ मला आकड्याइतकीच मोलाची वाटते.

माणसाचे चित्र काढावयास सांगून मुलाची बौद्धिक वाढ अजमावण्याची एक जुनी रीत आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ती १९२६ मध्ये अमेरिकेत बसविली. त्यात कपड्यांना, बाह्यांना, पाटलोणीला गुण होते. आता आपल्या आजोबांचे चित्र काढणारे मूल धोतर आणि पागोटे काढणार. फाटक यांनी या चाचणीचेही गुजरातेतील मुलांसाठी रूपांतर केले. शिक्षकांनी आपल्या वर्गात हा प्रयोग एकदा करून पाहावा. गुण देण्यासाठी नव्हे, तर एकाच गावातील मुलांचा 'माणूस' किती वेगवेगळा दिसतो हे कळण्यासाठी.

मोठ्या मुलांच्या बुद्धिमापनात मराठी मुलखाचा इतिहास जुना आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्यांचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले व त्यावरील त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. नागपूरला ए. जे. मॅलिन यांनी १९६९ मध्ये वेक्स्लर यांच्या कसोटीचे भारतीय रूप दिले. ही कामे थोर आहेत. परंतु थोर काम म्हातारे होत नाही असे नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखविले की अनेक देशांत पिढीगणिक मुले या कसोट्यांत अधिक गुण मिळवीत आली. अमेरिकेत दर दहा वर्षांस सुमारे ३ गुण. आपल्याकडेही तसेच घडले असेल, तर फार जुन्या मानकांवर तपासलेल्या मुलाचा बुद्ध्यांक फुगलेला येणार. मतिमंदत्वाच्या दाखल्यासाठी ७० ही रेषा धरली जाते. समजा, एका मुलाला खरोखर मदतीची गरज आहे आणि जुन्या कसोटीवर त्याचा आकडा ७८ आला. आई-बाप दिवसाची मजुरी बुडवून, एस. टी. ने जिल्ह्याच्या गावी येऊन, रिकाम्या हाताने परत जातात. दाखला नाही म्हणून सवलत नाही, शाळेत वेगळे साहाय्य नाही. आकडा देणाऱ्याने कोणताही खोटेपणा केलेला नसतो. त्याची पट्टीच एखाद्या पिढीमागची असते. हीच शंका बडोद्याच्या मानकांविषयीही घेतली पाहिजे. ती एका शहरातील मुलांवरून व अर्ध्या शतकापूर्वी बसली. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच ती पुन्हा बसविली जावीत, आणि त्या वेळी पाड्यावरची व वस्तीवरची मुलेही मोजली जावीत, असे मला वाटते.

बडोद्यातील याच विभागातील प्रा. टी. एस. सरस्वती यांचाही येथे उल्लेख करावयास हवा. रंजना दत्ता यांच्यासह त्यांनी गुजरातेतील खेड्यातील व शहरी झोपडवस्तीतील गरीब घरांमध्ये मुली कशा वाढविल्या जातात याचा अभ्यास केला. तो १९८८ मध्ये 'अदृश्य सीमा' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने ग्रंथरूपाने निघाला. पुढे १९९७ मध्ये संस्कृतींच्या तुलनेने मानसशास्त्र मांडणाऱ्या जागतिक ग्रंथाच्या बालविकासावरील खंडाच्या संपादकांत त्या होत्या. बडोद्याच्या वस्तीत बसून केलेले निरीक्षण जगाच्या पुस्तकात जाऊ शकते, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांतील मुलामुलींना जरूर सांगावी.

गुजरात आणि आपण यांच्यातील ही देवाणघेवाण नवी नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करून महाराष्ट्रात आल्या, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांत रमल्या. शाळा मुलाच्या अंगणात नेण्याची कल्पना त्यांचीच, आणि 'अंगणवाडी' हा शब्द आज आपल्या पगारपत्रकावरसुद्धा आहे. त्याच पालघरच्या परिसरात फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मतःची व्यंगे, उणिवा, आजार आणि वाढीतील विलंब या चार गोष्टींसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणे आणि गरज असेल त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे, हे त्याचे काम. आपला तक्ता या साखळीतील पहिली कडी आहे.

आता घरातील एक अडचण. मूल दोन वर्षांचे झाले, बोलत नाही, आणि सेविका सांगावयास गेली की आजी म्हणते, 'याचा बापही चौथ्या वर्षी बोलला.' आजीचे म्हणणे कधी कधी खरेही असते. तिच्याशी वाद घालू नये. पण बोलत नसलेल्या मुलाला ऐकू येते का, एवढे तरी तपासून घेऊ, असे म्हणावे. कान तपासावयास आजीची हरकत नसते. बहिरेपण लवकर ध्यानात आले तर बोलणे वाचते, आणि चौथ्या वर्षाची वाट पाहिली तर ते पुष्कळदा हातचे जाते.

तक्ता कसा वापरावा ते सांगून थांबतो. तो दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मुलाचे नक्की वय काढा. तक्त्याच्या तळाशी महिने आहेत. त्या महिन्यावर पेन्सिल उभी धरा. जी पट्टी पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपली आहे ती गोष्ट मुलाला आलीच पाहिजे. ती आली नसेल तर त्याला पुढील तपासणीस पाठवा. पेन्सिल ज्या पट्टीच्या मधून जाते ती गोष्ट अजून न आल्यास घाबरू नका, पुढील महिन्यात पुन्हा पाहा. मूल भुकेले, पेंगुळलेले किंवा तापलेले असेल तर त्या दिवशी तपासू नका. ते आईच्या मांडीवरच असू द्या. चिमटीची बाब पाहताना दिलेला कुरमुरा ते तोंडात घालणार, म्हणून हात जवळ ठेवा. आईसमोर 'नापास' हा शब्द काढू नका. आणि हा तक्ता मागे पडलेल्या मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांशच पकडतो, हे ध्यानात असू द्या. पेन्सिल 'ठीक' म्हणत असली आणि आई 'काहीतरी चुकते आहे' म्हणत असली, तर आईचे ऐकून मुलाला पाठवा.

तक्ते आता वाटले जात आहेत. समोरच्या रांगेत तीन माता मुले घेऊन बसल्या आहेत. प्रत्येक गटाने एकेका मातेजवळ जावे आणि प्रथम वय विचारावे. पाडवा म्हणाल्या, तर कोणता ते विचारावे.